आलं घातलं की दूध फाटतं, जेली बसत नाही, चिकनचा लगदा होतो: काय काय तपासायचं

ही भानगड मी इतक्या वेळा निस्तरलीय की आता कोणी फाटलेल्या दुधाचा फोटो पाठवला की मी खालचं काही न वाचता एकच विचारते, आलं कच्चंच टाकलं होतंस ना? आणि बहुतेक वेळा उत्तर "हो, पण नेहमी तसंच टाकते की" असंच येतं. तेच तर, नेहमी चालतं आणि एखाद दिवशी नाही चालत, म्हणून माणूस आधी दुधाला शिव्या देतो, मग गॅसला, मग नशिबाला, आणि आल्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

आधी लक्षणं बघून घ्या, तुमचं ह्यातलं कुठलं आहे ते.

- दूध तापत असताना पातेल्याच्या कडेला बारीक रव्यासारखे दाणे दिसतात, चमचा वर काढला की त्याच्या पाठीवर चिकटून येतात, आणि थोडा वेळ ठेवलं की दाणे एकीकडे आणि फिकट पिवळसर पाणी एकीकडे.
- कोमट दुधात आल्याचा रस घातला आणि पाच-दहा मिनिटांत ते मऊ दह्यासारखं थबथबीत झालं, आंबट वास मात्र अजिबात नाही.
- जिलेटिनची जेली किंवा पुडिंग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं आणि सकाळी बघावं तर सरबत.
- आल्याचा चीजकेक पहिल्या दिवशी छान, दुसऱ्या दिवशी सैल, आणि खाल्ल्यावर मागून जिभेवर कडवटपणा राहतो.
- मुरत ठेवलेलं चिकन किंवा मासा वरून पिठूळ, बोटाने दाबलं तर निघून येतो, आतून नेहमीसारखाच.
- यीस्टचं पीठ रात्रभर ठेवलं तर सकाळी चिकट, सैल, ताणायला गेलं की तुटतं.

आणि हे आपल्या भानगडीत मोडत नाही: आलं-लसणाची पेस्ट हिरवट-निळसर झाली तर ते लसणाचं काम आहे, आल्याचं नाही, पेस्ट खराब झालेली नसते. आलं कापल्यावर आत निळसर कडा दिसली तर ती त्या जातीचा रंग. तेलात परतताना कडू झालं तर जळलं, बाकी काही नाही, आच कमी करा. दातात दोरे येत असतील तर आलं जून आहे, दोऱ्यांना आडवं कापा आणि मग किसा.

हे होतं का

ताज्या आल्याच्या रसात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, त्याचं नाव झिंजिबेन. पपईतलं पपेन, अननसातलं ब्रोमेलेन, हीच सगळी भावंडं. आल्यातल्या ह्या एन्झाइमवरचा पहिला शोधनिबंध १९७३ चा, म्हणजे विज्ञानाला हे कळून पन्नासेक वर्षं होऊन गेली तरी आपण अजून दुधाच्या पिशवीची तारीखच बघत बसतो.

दुधातली प्रथिनं एकमेकांपासून लांब राहतात म्हणून दूध पातळ असतं, त्यांना लांब ठेवणारा जो भाग बाहेर लोंबत असतो तोच हे एन्झाइम कापतं आणि मग ती एकमेकांना चिकटून गोळा होतात. चीज करायला जे रेनेट वापरतात तेही हेच करतं. म्हणून ह्या फाटलेल्या दुधाला आंबट वास येत नाही, ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तापमान. थंड असताना हे एन्झाइम आळशी असतं पण झोपलेलं नसतं, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते सगळ्यात जोरात काम करतं, आणि ७० च्या पुढे गेलं की झपाट्याने निकामी होतं. म्हणजे उकळीत ते मरतं, पण उकळीपर्यंत पोचायच्या वाटेवर आधी पिसाळतं. तुम्ही गार दुधात कच्चं आलं किसून मंद आचेवर ठेवलंत तर ते ४० ते ६५ मध्ये चांगली सात-आठ मिनिटं रेंगाळतं आणि तेवढ्यात सगळा कारभार आटोपतो. त्याच आल्याचा तोच कीस सणसणीत उकळत्या दुधात पडला तर बहुतेकदा काहीच होत नाही, आणि "कधी फाटतं कधी नाही" ह्या कोड्याचं उत्तर निम्मं तिथेच आहे.

आता तपासणी. फुकटची आधी, खर्चाची शेवटी. मधलं गाळू नका, मी स्वतः एकदा गाळलं आणि नवीन थर्मामीटर आणून बसले, चूक निघाली दुधाची.

१. नुसतं दूध तापवून बघा

दोन-तीन चमचे दूध छोट्या भांड्यात घ्या, आलं नाही, साखर नाही, काही नाही, आणि उकळा. फाटलं? मग आल्याचा काही संबंध नाही, दूध आधीच आंबायला लागलेलं होतं. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.६ ते ६.७ असतो, दूध शिळं होत जातं तसा तो खाली येतो आणि जितका खाली येतो तितकं ते गरम केल्यावर पटकन फाटतं. वासाला आणि चवीला अजून काही कळत नसतं तेव्हाही हे झालेलं असू शकतं. मिनिटभराचं काम आहे, आणि हे आधी केलं नाही तर पुढची प्रत्येक तपासणी तुम्हाला चुकीचं सांगणार, म्हणून पहिल्या नंबरावर.

२. आलं कधी पडलं ते आठवा

इथेच बहुतेकांचं सापडतं. माझी वहिनी फोनवर म्हणाली, "अगं ताई, दूध सकाळचंच आहे, आलंही तेच, काल झालं नाही मग आज कसं फाटलं?" मी म्हटलं काल काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग. काल तिने पाण्यात आलं, चहा पावडर, साखर घालून उकळलं होतं आणि वरून दूध. आज घाईत सगळं एकदमच गार दुधात टाकून बारीक गॅसवर ठेवलं आणि आंघोळीला गेली. बास, संपला विषय.

क्रम असा ठेवा: आधी थोड्या पाण्यात आलं, त्याला खळखळून उकळी, कीस असेल तर दोन-तीन मिनिटं, चकत्या जाड असतील तर पाच, कारण चकतीच्या आतपर्यंत उष्णता जायला वेळ लागतो. मग दूध. दूध गार ओतलंत तरी चालतं, कारण कापणारंच आता राहिलेलं नाही. ठेचलेलं आलं असेल तर ठेचलेल्या गाठी नीट फोडून घ्या, गाठीच्या पोटात कच्चा रस राहतो आणि तो नंतर सुटतो.

मायक्रोवेव्ह वापरत असाल तर कीस आणि दोन चमचे पाणी वाटीत घालून पाणी उकळून वर येईपर्यंत तापवा, नुसती वाफ दिसली म्हणून काढू नका.

फ्रीजरमध्ये ठेवलेल्या आल्याबद्दल खूप जण फसतात. गोठवल्याने एन्झाइम मरत नाही, ते फक्त थांबतं, वितळलं की पुन्हा कामाला लागतं. म्हणजे आईसक्यूब ट्रेमधली आल्याची पेस्ट कच्चीच समजायची. उलट साखरेच्या पाकात शिजवलेलं आलं पूर्ण शिजलेलं असतं, ते कशातही बिनधास्त घाला.

३. सोबत आंबट काय होतं

गूळ, मध, ब्राउन शुगर, लिंबू, फळाचा गर, कोको, ह्यातलं काहीही दुधाला थोडं आंबटाकडे ढकलतं. एकटं आलं कदाचित चाललं असतं आणि एकटा गूळही चालला असता, दोघे मिळून नाही चालत. गोडाची वस्तू गॅस बंद करून, भांडं किंचित निवल्यावर घाला आणि बघा. चिमूटभर खाण्याचा सोडा घालायची आयडिया लोक देतात, तो आंबटपणा मारतो हे खरं पण एन्झाइमला काहीच करत नाही, आणि चिमूट जरा मोठी झाली की चव साबणासारखी लागते. मी वापरत नाही.

४. दोन कपांची टेस्ट

अजून शंका असेल तर ही करा, अर्धा कप दूध आणि एक चमचा आलं एवढाच खर्च. आल्याच्या एकाच तुकड्याचा कीस काढा, पिळून रस घ्या, त्याचे दोन भाग करा. एक भाग चमचाभर पाण्यात दोन मिनिटं उकळून घ्या, दुसरा कच्चा. दूध बोट घातलं की लगेच मागे घ्यावंसं वाटेल इतकं गरम करा, दोन कपांत ओता, एकेका कपात एकेक रस घालून एकदा ढवळा आणि मग हात लावू नका. दहा मिनिटांनी कप हलकेच तिरके करा. कच्च्या रसाच्या कपात दूध कडेने एकदम सरकेल, थरथरेल, पण वाहणार नाही. उकळलेल्याचा कप साधं दूध. दोन्ही कप फाटले तर दूध संशयित, पहिल्या नंबरावर परत जा. दोन्ही चांगले राहिले तर तुमच्या ह्या आल्यात आत्ता तेवढा जोर नाही, किंवा रस काढून बराच वेळ झाला असेल, कारण उघड्यावर ठेवलेल्या रसाचा जोर उतरत जातो.

आणि हो, कच्च्या कपातलं ते मऊ दही खाऊन बघा, थोडी साखर घालून. काही लोक मुद्दाम असंच करतात आणि त्याला गोड पदार्थ म्हणतात. आपल्याला अपघाताने जमलंय एवढंच.

५. जेली, पुडिंग, चीजकेक बसत नसेल तर काय घालून बसवताय ते बघा

जिलेटिन म्हणजे प्रथिनच, आणि झिंजिबेनला जिलेटिनच्या ठेवणीचं प्रथिन विशेष आवडतं. त्यामुळे दुधात जिथे नुसते दाणे येतात तिथे जिलेटिनचं पूर्ण पाणी होतं. जास्त जिलेटिन घालून काहीही होत नाही, मी करून बघितलंय, दुप्पट घातलं, पाहुणे यायच्या आदल्या रात्री बारा ग्लास ओतून ठेवले आणि सकाळी बाराही ग्लासात आल्याचं महागडं सरबत, वर पुदिन्याचं पान तरंगतंय. बसलेल्या जेलीवर सजावटीला कच्चं आलं किसलंत तरी तिथून पाणी सुटायला लागतं, म्हणजे आत न घालताही घोळ होतो.

उपाय दोन. एक, आल्याचा रस किंवा पाक उकळून घ्या, मग जरा निवला की त्यात भिजवलेलं जिलेटिन विरघळवा. दोन, अगर-अगर म्हणजे चायना ग्रास वापरा. अगर हे प्रथिन नाही, त्यामुळे एन्झाइमला त्यात कापायला काही मिळतच नाही. फक्त अगर नीट उकळावं लागतं आणि ते जिलेटिनपेक्षा कडक बसतं, म्हणून प्रमाण कमी ठेवा. जेलीत आल्याबरोबर ताजा अननस, किवी, पपई किंवा अंजीर असेल तर तीही उकळून घ्या, नाहीतर आलं निर्दोष सुटेल आणि जेली तरी बसणार नाही. डब्यातला अननस चालतो, तो डब्यात भरताना तापवलेला असतो.

कॉर्नफ्लॉरचं कस्टर्ड पातळ झालं तर आल्यावर आळ घेऊ नका, स्टार्चला हे एन्झाइम हात लावत नाही. तिथे दोन वेगळे चोर असतात. अंड्याच्या पिवळ्या बलकात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं, म्हणून बलक घातलेलं कॉर्नफ्लॉर कस्टर्ड बुडबुडे येईपर्यंत शिजवावंच लागतं. दुसरा चोर म्हणजे चव बघून परत भांड्यात घातलेला चमचा. लाळेतही तसलंच एन्झाइम असतं, आणि सकाळपर्यंत अख्खा वाडगा पातळ करायला ते पुरतं. आमच्याकडे हा चोर कोण ते सगळ्यांना माहितीय, नाव घेत नाही.

चीजकेक, आणि तोही न भाजता बसवलेला, हे जास्त कटकटीचं आहे. फ्रीजच्या थंडीत एन्झाइम हळू का होईना चालूच राहतं, म्हणून पहिल्या दिवशी कळत नाही, आणि तुटलेल्या प्रथिनांचे काही तुकडे चवीला कडू असतात म्हणून दुसऱ्या दिवशी तो मागचा कडवटपणा येतो. लोक म्हणतात आलं कडू निघालं. आलं कडू नसतं, चीज कापलं गेलेलं असतं. ह्याला शिजवलेलं आलं, पाकातलं आलं किंवा सुंठ एवढंच उत्तर आहे.

सुंठेने हा त्रास मला कधी झालेला नाही, पण ती आल्याची झेरॉक्स नाही हे लक्षात घ्या. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं, म्हणजे आल्याला झटका देणाऱ्या द्रव्याचं, काही अंशी शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट लागतं, उलट आलं शिजवलं की जिंजेरॉलचं झिंजेरोन होतं आणि ते सौम्य, गोडसर वासाचं. म्हणून उकळलेल्या आल्याचा झटका कमी वाटला तर आणखी कच्चं आलं ढकलू नका, चिमूटभर सुंठ घाला. बदली प्रमाण साधारण एक टेबलस्पून ताज्या किसाला पाव टीस्पून सुंठ पूड, तिथून चवीप्रमाणे.

६. मांस आणि पीठ: घड्याळ बघा

इथे एन्झाइम मुद्दामच वापरतो आपण, मांस मऊ व्हावं म्हणून. चूक फक्त वेळेची होते. कच्च्या आल्याची पेस्ट मुक्तहस्ते लावून रात्रभर ठेवलं तर वरचा थर शिजवायच्या आधीच संपलेला असतो, तव्यावर टाकलं की चिंध्या. चिकनचे छोटे तुकडे, मासा, कोळंबी ह्यांना मी अर्ध्या तासाच्या पुढे नेत नाही, मोठे तुकडे तास-दोन तास. रात्रभर मुरवायचंच असेल तर बाकीचा मसाला रात्री लावा आणि कच्चं आलं शिजवायच्या तासभर आधी. पेस्ट परतून, गार करून लावली तर वेळेची चिंताच नको.

यीस्टच्या पिठाचंही तेच, पिठाला ताण देणारं ग्लूटेन प्रथिनच आहे, थंडीत बारा तास ठेवायच्या पिठात कच्चा कीस घालू नका, परतून गार करून घाला. पटकन भाजायच्या केकला आणि बिस्किटांना फारसा फरक पडत नाही, ओव्हनमध्ये सगळं मरतंच. फक्त दूध आणि कच्चं आलं एकत्र करून मिश्रण तासभर ओट्यावर ठेवू नका. पाकातल्या आल्याचे तुकडे केकच्या तळाशी बसत असतील तर ते वजनाने बसतात, बारीक चिरा, कोरड्या पिठात घोळवा.

७. थर्मामीटर, आणि मग ओव्हन

इथपर्यंत सगळं बरोबर करूनही भाजलेलं आल्याचं कस्टर्ड दाणेदार येत असेल तर तो बहुतेक आल्याचा गुन्हा नाही, अंडं जास्त शिजलंय. ओळख अशी, अंडं जास्त शिजलं की कापल्यावर आत बारीक भोकं आणि भोकांत पाणी, आणि गोळा घट्ट असतो. एन्झाइमवालं मऊ, सैल आणि कडवट असतं. कस्टर्डच्या मधोमध थर्मामीटर घाला, ८५ च्या वर गेलं की अंडं आवळायला लागतं. ओव्हनमध्ये ओव्हनचा थर्मामीटर ठेवून रिकामाच अर्धा तास चालवा आणि लावलेला आकडा आणि दिसणारा आकडा ताडून बघा. दहा-पंधरा अंशांचा सारखाच फरक असेल तर तेवढं कमी-जास्त लावून जगता येतं.

फरक २५ अंशांच्या वर असेल, किंवा दर वेळी वेगळाच येत असेल, तर तिथे थांबा आणि ओव्हनवाल्या टेक्निशियनला बोलवा. थर्मोस्टॅट किंवा सेन्सर गेलेला असतो, मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही.

८. फ्रीज

नुसत्या दुधाची टेस्ट वारंवार फसत असेल, म्हणजे दूध नवीन असूनही दुसऱ्या दिवशी आल्याशिवायच फाटतं, तर फ्रीज बघा. मधल्या खणात पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर टाका आणि रात्रभर दार न उघडता सकाळी वाचा. ४ अंश किंवा कमी हवं. दूध दाराच्या खणात ठेवत असाल तर आत हलवा, दार सगळ्यात गरम. रबरात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाला तर रबर गेलं. मागची जाळी दिसत असेल तर प्लग काढून धूळ पुसा. एवढं करून दोन दिवसांनी परत मोजा, तरी ८-१० दाखवत असेल तर मेकॅनिकला बोलवा, कॉम्प्रेसर आणि गॅसच्या नळ्यांना आपण हात लावायचा नाही.

आणखी एका ठिकाणी थांबायचं. आलं खाल्ल्यावर तिखटाची झणझण वेगळी, पण ओठ किंवा घसा सुजला, श्वास जड झाला तर रेसिपी बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि रोज भरपूर आलं खायचा बेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

फाटलेल्याचं काय करायचं

दूध ताजं होतं, आंबट वास नाही आणि आल्यानेच फाटलंय हे नक्की असेल तर ओतून देऊ नका. पातळ वस्त्रातून गाळा, चोथा साखर घालून आटवा किंवा मीठ-मिरी घालून टोस्टवर लावा, आणि पाणी पीठ तिंबायला वापरा, मात्र लगेच भाजायच्या पिठात, रात्रभर ठेवायच्या नाही, आणि एक उकळी काढूनच. क्रीमचा सॉस फाटला असेल तर आधी खळखळून उकळा म्हणजे कापाकापी थांबेल, मग मिक्सरला फिरवा आणि थोडं कॉर्नफ्लॉर लावा, अगदी रेशमी नाही होणार पण ताटात वाढण्याइतका होतो. सरबत झालेल्या जेलीला उकळी आणून, निववून नवीन जिलेटिन घातलं तर ती बसते. ते बारा ग्लास मी तसेच वाचवले होते, पाहुण्यांना तासभर गप्पांत गुंतवून.